दोन पंखे होईपर्यंत

युसुफभाऊ,

गाडी चालू झाली. हे आधी सांगते, भांडण मागून.

काल दुपारी तुमच्या आवारात, मोहाच्या झाडाखाली, मी स्वतःच्या हातानं बॅटरी जोडली. दहा नंबरचा पाना तुमच्या त्याच खिळ्यावर लटकत होता. लाल तार आधी, काळी शेवटी. बाजूला उभं राहून सांगायला तुम्ही नव्हतात, म्हणून मीच दोनदा मोठ्यानं म्हटलं. मग चावी फिरवली. समोर होते नव्हते तेवढे दिवे पेटले, इंजिन थरथरायला लागलं, आणि तेवीस वर्षं गणित शिकवणारी ही बाई स्टेअरिंगवर डोकं टेकून रडली.

तुम्हाला जाऊन काल तेरा दिवस झाले. मिट्टीला, तुमच्या दफनाला, मी नव्हते. बातमी आली तेव्हा आमच्या आश्रमशाळेच्या अलीकडच्या नाल्यावर पुरुषभर पाणी होतं. शाळेच्या टाकीवर चढलं तरच फोनला रेंज येते हे तुम्हाला माहीत आहे. मुख्याध्यापक टाकीवरून उतरले, थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, अहेरीचे तुमचे मिस्त्री गेले." त्या वेळी सहावीतली एक मुलगी तापानं फणफणली होती आणि मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होते. पट्टी बदलली, उपकेंद्राच्या सिस्टरला तिथं बसवलं, छत्री घेऊन नाल्यापर्यंत गेले. पाणी बघितलं आणि परत आले.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. जूनमध्ये तुम्ही मला म्हणालात, पिवळा आहे. मी विश्वास ठेवला आणि बस पकडली. का ठेवला? मुलांनी लिहिलेलं उत्तरसुद्धा मी तपासल्याशिवाय बरोबर धरत नाही. मग तुमचं का धरलं?

ते पिवळं काय, ते सांगायचं तर सात वर्षं मागं जावं लागेल.

आमच्याकडे पावसाळ्यात नाला कधी वाट देईल आणि कधी अडवेल याचा काही नेम नाही. गाडी पलीकडे नेली तर पलीकडेच अडकते. म्हणून या भागातले निम्मे मास्तर आणि नर्सबाया जून संपता संपता आपापल्या गाड्या कुणाच्या तरी अंगणात लावतात, बॅटरीची तार काढून ठेवतात म्हणजे ती उभ्या उभ्या उतरत नाही, आणि पुढे बस, ट्रॅक्टर, डोंगा, जे मिळेल त्यानं जातात. मी गोंडपिपरीची. पहिल्या वर्षी मी तुम्हाला ओळखतही नव्हते. गाडी आलापल्लीला एका ओळखीच्यांकडे ठेवली होती. तार मीच काढली आणि दसऱ्याला मीच जोडली. तोवर गाडी शिकून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता.

गाडी सुरू झाली, पण समोर पिवळ्या दिव्यांची रांग. इंजिनाचा, स्टेअरिंगचा, ब्रेकचा. काटा वर जायचा, खाली यायचा, आणि कुठे थांबले की गाडी एक आचका देऊन बंद. मग मी एक युक्ती काढली. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचाच नाही! सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांच्या रांगेत, ती लाल धूळ खात, एका पायानं ब्रेक आणि दुसऱ्यानं रेस, अशी मी कोकलत अहेरीपर्यंत आले. कुणीतरी तुमचं फाटक दाखवलं. मी आत शिरले आणि खिडकीतूनच ओरडले, "बंद करू नका हं! बंद झाली तर परत सुरू होणार नाही!"

तुम्ही सावकाश हात पुसत आलात, खिडकीतून हात आत घातलात आणि चावी फिरवून गाडी बंद केलीत. माझा हात उठणारच होता, खरं सांगते.

"काय झालं बाई?"

"इंजिन गेलं."

"तार काढली होती?"

"हो, पावसाळाभर."

"मंग गेलंगिलं काई नाई," तुम्ही म्हणालात. "विसरली हाय थे. आन तुमी तिले आठवू देऊन नाई राह्यले."

मला वाटलं, हा माणूस माझी टर उडवतोय. पण तुम्ही अगदी गंभीर होतात. जीपची मागची सीट काढून तुम्ही बाक केला होता, त्यावर मला बसवलंत आणि समजावलंत. रोज चालता चालता गाडी शिकत असते. इंजिन चालू ठेवून नुसती उभी असताना किती हवा घ्यायची, किती पेट्रोल, हे ज्याचं त्याचं इंजिन आपल्या वयाप्रमाणे आणि आपल्या झिजेप्रमाणे ठरवतं. तार काढली की ते शिकलेलं पुसलं जातं. मग ती पुन्हा पहिलीत बसते. त्या वेळी पायानं रेस दिली तर ती काय शिकणार? ती म्हणणार, ही बाईच सगळं करून राह्यली, मले काय करायचं हाय.

मग तुमचा तो नियम. एसी बंद, दिवे बंद, गाणी बंद. चावी अर्धी फिरवून जरा थांबायचं. मग गाडी सुरू करायची आणि पाय मागं घ्यायचा. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आणि पुन्हा एकदा लागून बंद होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. त्यानंतर थोडा वेळ एसी, मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा, आणि उरलेला दिवा रस्त्यावर आपोआप विझतो. तुम्ही याला 'दोन पंखे' म्हणायचात. कुणी घाई केली की तुमचं उत्तर ठरलेलं, "दोन पंखे होऊ द्या."

इंजिनावरच्या झाकणावर तुम्ही पाण्याचा स्टीलचा गिलास ठेवलात. काठोकाठ. पाणी उसळायला लागलं आणि झाकणावर सांडलं. इंजिनाचा आवाज खाली जायचा, इतका खाली की आता गेलीच असं वाटायचं, आणि तिथून कशी कुणास ठाऊक स्वतःच सावरायची. मी दोनदा उठले. दोनदा तुम्ही नुसता हात वर केलात. तुमचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, गाडीकडेही नव्हतं. डोळे मिटून तुम्ही ऐकत होतात. पहिला पंखा लागला, थांबला. दुसरा लागला, थांबला. मी गिलासात बघितलं तर पाण्यावर एक रेघ हलत नव्हती. त्यात मोहाचं झाड दिसत होतं.

मी कुठल्या देवाला हात जोडत नाही, घरात कधी ती रीतच नव्हती. पण त्या दिवशी उभं राहून बघत राहावंसं वाटलं. कुणी काही जुळवलं नाही, बदललं नाही, फक्त थांबलं, आणि लोखंडाचं एक धूड आपलं आपण शिकलं. आणि त्याच वेळी आतून भाभी चहाचे दोन कप घेऊन आल्या. त्या स्वयंपाकघरात होत्या, त्यांना कुणी हाक मारली नव्हती. "दुसऱ्या पंख्याले चहा," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं झाले."

मग सात पावसाळे मी दुसरीकडे कुठे गाडी लावली नाही.

याचा अर्थ आपलं जमायचं असा नाही. किती भांडलो आपण! तुम्ही ते बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र घ्यावं म्हणून मी किती मागं लागले, शेवटी मीच मागवून दिलं. तुम्ही ते कपाटात ठेवलंत, खोक्यातून काढलंही नाही. "त्याले काय इचारू? मले ऐकू येते न." मी म्हणायची, आणखी दहा वर्षांनी ऐकू येणार नाही तेव्हा? तुम्ही म्हणायचात, तेव्हा पाहू. एकदा रागानं मी गाडी चंद्रपूरला मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. लॅपटॉप लावला, चार दिवस ठेवून घेतली. परत आणली तेव्हा तुम्ही बोनेट उघडलंत, एअर फिल्टर हातात घेतलात, त्यावरची धूळ बोटावर घेऊन बघितलीत आणि म्हणालात, "रामटेके बाई, एवढे दिवस गाडी तिथी होती, पण हे धूळ तर आलापल्लीच्या रोडचीच हाय." पुढं काही नाही. आठ दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. चूक माझी होती, पण ते मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

आणखी एक सांगायचं राहिलं. उन्हाळ्याच्या सुटीहून मुलं परत येतात तेव्हा घरी माडिया बोलीतच बोललेली असतात, पाढे विसरलेली असतात, ओळखीच्या बाईकडेही बिचकून बघतात. मी पहिल्या दिवसापासून फळा घेऊन तुटून पडायची. उजळणी, उजळणी, उजळणी. मुलं गप्प व्हायची, दोन-तीन तर जंगलातून चालत घरी पळायची. तुमच्याकडचा तो गिलास बघितल्यानंतरच्या वर्षी मी पहिले आठ दिवस पुस्तक उघडलं नाही. चिंचोके मोजले, मासे मोजले, गप्पा मारल्या. नवव्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी आपणहून सातचा पाढा म्हणायला लागली. त्या वर्षी कुणी पळालं नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, ही कुठली पद्धत, तर मी म्हटलं, अहेरीची. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात आणि वर्षभर मला चिडवलं असतंत, म्हणून नाही सांगितलं. मूर्खपणा, दुसरं काय.

आणि दिव्यांचं. माझी गाडी चालवताना नजर सारखी दिव्यांवर. तुम्ही डाव्या सीटवर बसून वैतागायचात. "पिवळा म्हंजे थे सांगून राह्यली का मले कोणाले तरी दाखव. जा, पण दाखव. लाल म्हंजे पाय काढ, इथीच थांब. एवढंच हाय. बाकी रस्ता पाहा बाई, दिवा पाहून गाडी नाई चालत."

म्हणून या जूनमध्ये मी तुम्हाला तुमच्याच भाषेत विचारलं. गाडी लावली, तुम्ही पाना घेतलात, काळी तार काढलीत, आणि लाल काढायच्या आधीच बाकावर जाऊन बसलात. कपाळावर घाम होता. डावा हात तुम्ही चोळत होतात.

"भाऊ, काय होतंय?"

"काई नाई. उन हाय."

"ढग आलेत भाऊ, ऊन कुठे आहे? खरं सांगा. पिवळा की लाल?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नंतर फाटकाकडे बघितलंत, कारण बाहेर एटापल्लीची बस हॉर्न देत होती.

"पिवळा हाय," तुम्ही म्हणालात. "दाखवतो न. मले लाल-पिवळा समजत नाई का? तुमी जा. आज नाल्यावर पाणी नाई, उद्याचं कोणाले माईत."

मी गेले. खिडकीतून हात केला. तुम्ही बाकावरूनच पाना हलवलात.

काल आले. भाभी इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावरच्या शोकाच्या मुदतीत, बाहेर येत नाहीत. मी आत जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला. मग त्या म्हणाल्या, "बाई, गाडी नेऊन टाका. खिडकीतून बोनेट दिसते. सारखं वाटते का हे वाकून हायेत."

म्हणून मी बॅटरी जोडली. रडून झाल्यावर पाय मागं घेतला, खाली उतरले, तुमचा गिलास शोधला, भरला आणि झाकणावर ठेवला. पाणी लगेच सांडलं. बाकावर बसले, तुमच्या जागेवर नाही, माझ्या. इंजिन पडत होतं, सावरत होतं. सात वर्षं हे बघितलंय, तरी हात शिवशिवत होता. पहिला पंखा लागला. थांबला. स्वयंपाकघराच्या खिडकीत भाभी उभ्या होत्या.

मी विचारलं. आता विचारलं नसतं तर कधीच जमलं नसतं. "भाभी, भाऊंना कधीपासून होतं?"

त्या गजाला धरून उभ्या राहिल्या. "मे महिन्यातच चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. नागपूरले न्या, ऑपरेशन करा, उशीर नोका करू. हे म्हणे पावसाळा होऊ दे, लोकायच्या गाड्या उभ्या राहतीन."

"मला तर पिवळा म्हणाले."

"मालूम हाय. मी इथीच उभी होती. तुमची बस गेल्यावर झगडली मी त्याहिच्याशी. म्हटलं, बाईले झूट काऊन सांगितलं? तर म्हणे, लाल सांगितला असता तर थे गेली असती का? इथीच बसली असती माह्या उशाशी. मंग नाला भरते, आन तिकडच्या लेकरायले कोण पाहीन?"

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. दुसरा पंखा कधी लागला ते मला कळलंच नाही. भाभींना कळलं. त्या खिडकीतून बाजूला झाल्या, आत भांड्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळानं त्यांनी खिडकीच्या कठड्यावर चहा ठेवला. दोन कप. ठेवल्यावर त्यांनी त्या दोन कपांकडे बघितलं आणि एक परत उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या भाभी," मी म्हटलं.

दोन्ही मीच प्यायले. तुमच्या चहात किती साखर असते हो, डॉक्टरांनी काय सांगितलं असेल ते मला न विचारताच कळलं.

युसुफभाऊ, या पावसाळ्यात नाला तीनदा भरला. मुलींच्या वसतिगृहात बाई अशी मी एकटीच होते. ती सहावीतली मुलगी आता बरी आहे, काल निघताना तिनं मला करवंदाच्या काट्यानं टोचून केलेलं पानाचं भिरभिरं दिलं. त्या दिवशी तिच्याजवळ कुणी नसतं तर काय झालं असतं, मी विचार करत नाही. तुम्ही केला होता. जूनमध्ये, बाकावर बसून, हात चोळत, बसचा हॉर्न ऐकत, एवढ्याशा वेळात तुम्ही तो सगळा विचार केलात आणि माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललात. सात वर्षं मी तुम्हाला चुकीचं ठरवायला टपून होते. तुम्ही एकदाच चुकीचं सांगितलंत, आणि ते मला पकडता आलं नाही. याच्यावर मी चिडू की तुमच्या पाया पडू, मला कळत नाही. चिडलेच आहे मी. नागपूर किती लांब होतं? एका माणसानं एवढं थांबायचं, एवढं, की त्याला स्वतःचाच लाल दिवा दिसू नये? दिसत होता म्हणा. तेच तर.

गिलासातलं पाणी निवांत झालं होतं. त्यात झाड होतं.

मग एसी, मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीचे दिवे विझले, स्टेअरिंगचा पिवळा तेवढा राहिला. तो दरवर्षी राहतो. दरवर्षी तुम्ही डावीकडे बसता, आपण सागवान डेपोपर्यंत जाऊन परत येतो, आणि तो कुठेतरी वाटेत विझतो. कुठे विझेल यावर आपली पैज असते. मी म्हणते पुलाजवळ, तुम्ही म्हणता वळणाच्या आधी, आणि तुम्हीच जिंकता.

काल डावी सीट रिकामी होती. भाभींनी ठेवून घ्यायला सांगितलेला तो दहाचा पाना तिच्यावर ठेवला. फाटकातून बाहेर पडले. रस्त्यावर पावसानं ट्रकांचे खड्डे आणखी खोल केले होते, एक बाई शेळ्या घेऊन मधूनच चालली होती, पुढं शाळेतून सुटलेली पोरं सायकली आडव्यातिडव्या हाणत होती. मी डेपोपर्यंत गेले, वळवली आणि परत आले. फाटकात गाडी थांबवून खाली बघितलं तर समोर एकही दिवा नव्हता.

कुठे विझला ते मला सांगता येणार नाही, भाऊ. मी रस्ता पाहत होते.